महिन्याच्या बोलीवरचा गहू

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांना रेशनच्या रांगेत मिळणारा लाल गहू आणि मिलो ही तांबडी ज्वारी नक्की आठवत असेल. मिलोची भाकरी थापताना तुटायची, आया-आज्या कुरकुरायच्या. पण पिशवी भरून घरी आली की जीव भांड्यात पडायचा. ते धान्य अमेरिकेहून यायचं, पीएल ४८० या कायद्याखाली. किंमत डॉलरऐवजी रुपयांत चुकवता येई. १९५६ साली भारताशी पहिला करार झाला तेव्हा तो सोयीचा वाटला, आणि होताही.

१९६५ मध्ये पावसानं दगा दिला. आदल्या हंगामात ८ कोटी ९० लाख टन पिकलेलं धान्य ७ कोटी २० लाख टनांवर घसरलं. त्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं. नेमकं तेव्हाच राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार टाळून एकेक-दोनदोन महिन्यांपुरता गहू सोडायला सुरुवात केली. मंजुरी ते स्वतः देत. धान्य देणार नाही, असं कोणी म्हणत नव्हतं. जहाज सुटायला उशीर व्हायचा, एवढंच.

त्या उशिराचा अर्थ नीट समजून घ्या. संसद आपली, झेंडा आपला. पण पुढच्या महिन्याचं रेशन वॉशिंग्टनमधल्या एका टेबलावर ठरत होतं. नोव्हेंबर १९६५ मध्ये आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन रोममध्ये भेटले. शेतीवर किती खर्च करायचा, खत कारखान्यांत परदेशी भांडवल कसं आणायचं, हे तिथे लिहून झालं. त्यातलं बरंचसं सुब्रमण्यम यांना स्वतःलाच हवं होतं, हेही खरं. तरी आपल्या शेताचा आराखडा धान्य देणाऱ्यासमोर बसून लिहावा लागला, हे मला आजही सलतं.

६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपये झाला. जागतिक बँक आणि नाणेनिधीनं त्यासाठी नेट लावला होता. बदल्यात कबूल झालेली मदत पुढे पुरती आलीच नाही. जुलैत इंदिरा गांधींनी मॉस्कोमध्ये व्हिएतनामवरचा अमेरिकी बॉम्बवर्षाव थांबवण्याची मागणी केली. जॉन्सन यांना ती झोंबली, आणि त्याच वर्षी गहू पुन्हा अडला.

त्या गव्हानं लाखो माणसं जगली. बिहारच्या दुष्काळात तर फारच. ते ऋण मी नाकारणार नाही. पण त्याच वर्षी मेक्सिकोहून जास्त पीक देणाऱ्या गव्हाचं १८ हजार टन बियाणं आलं. ते पंजाबातल्या शेतकऱ्यानं पेरलं, आणि १९६८ मध्ये गव्हाचं पीक इतकं आलं की साठवायला गोदामं पुरेनात, शाळांच्या वर्गांत पोती रचावी लागली.

डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशचं युद्ध पेटलं आणि अमेरिकेनं आपली आर्थिक मदत थांबवली. त्या वेळी आपल्या कोठारांत आपला गहू होता.