मेंदूची साक्ष

[दृश्य: इलेक्ट्रोड बसवलेली टोपी, पडद्यावर सरकणाऱ्या लहरी]

डोळे मिटून बसायचं. उत्तर द्यायचं नाही. डोक्यावरच्या टोपीत तीसेक इलेक्ट्रोड आहेत आणि कानावर एकेक वाक्य पडतंय. ‘आकाश निळं आहे.’ मग, ‘मी आर्सेनिक विकत घेतलं.’

पुण्यातल्या एका खून खटल्यातल्या आरोपी तरुणीने संमती देऊन मुंबईत ही चाचणी दिली होती. चाचणीचं नाव बीईओएस, म्हणजे ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन्स सिग्नेचर’. ती विकसित केली डॉ. चंपडी रामन मुकुंदन यांनी. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेत त्यांनी बरीच वर्षं काम केलेलं. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पुरावे इतरही होते. पण निकालपत्रात या चाचणीचं सविस्तर समर्थन होतं, आणि परदेशातल्या मेंदूशास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या त्या त्यामुळेच. पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला.

[दृश्य: न्यायालयाचा जिना, फायलींचे गठ्ठे]

चाचणीमागचा दावा मोठा आहे. एखादी गोष्ट नुसती ठाऊक असणं वेगळं आणि ती स्वतः केलेली आठवणं वेगळं. मेंदूच्या विद्युतलहरींवरून हा फरक ओळखता येतो, असं तो सांगतो.

आता आरोपीच्या जागी बसून पाहा. चाचणीआधी पोलिसांनी तेच प्रश्न कितीदा विचारलेले असतात. कुठे भेटलीस? विष कुठून आणलंस? निर्दोष माणसाच्याही डोळ्यांसमोर तोवर ते सगळं चित्र उभं राहिलेलं असतं. मग टोपीला सापडलं ते काय, गुन्हा की चौकशी?

आठवण किती लवचिक असते, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं. मोटार अपघाताची तीच चित्रफीत सर्वांना दाखवली. ‘गाड्या आदळल्या’ असं म्हणून वेग विचारला तर लोक कमी सांगत. ‘गाड्यांचा चुराडा झाला’ म्हटलं की वेग वाढे. आठवड्यानंतर त्यातल्या काहींना फुटलेल्या काचाही ‘आठवल्या’. चित्रफितीत काचा नव्हत्याच. त्या लोकांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत.

[दृश्य: सर्वोच्च न्यायालय, दिल्ली]

५ मे २०१०. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य. सर्वोच्च न्यायालयाने नार्को (औषध देऊन गुंगीत बोलतं करणं), पॉलिग्राफ (खोटं पकडण्याचं यंत्र) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींवरून चाचणी) सक्तीने करायला मनाई केली. आधार संविधानाचं कलम २०(३): स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कोणावरही नाही. चाचणी करायचीच तर संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, वकील उपलब्ध करून द्यायचा. तरीही चाचणीचा निष्कर्ष पुरावा ठरत नाही. त्यातून मिळालेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर तेवढीच ग्राह्य धरता येते.

मेंदूशास्त्राचं न्यायालयातलं खरं उपयोगी काम मात्र कॅमेऱ्यात फारसं येत नाही. डोक्याला मार बसलेल्या साक्षीदाराची स्मृती कितपत शाबूत आहे? आरोपीला खटला समजतो का, वकिलाला सूचना देता येतात का? कागद, पेन्सिल, शब्दांच्या याद्या आणि काही तास. बातमी होत नाही.

नार्कोचं आकर्षण मात्र ओसरलेलं नाही. २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं: सक्ती चालणार नाही, आणि स्वेच्छेने दिलेल्या चाचणीच्या अहवालावरही नुसत्या तेवढ्याच आधारे कोणाला दोषी ठरवता येणार नाही.