पेंढा भरलेला प्राणी खरा असतो का?

नमस्कार. संग्रहालयांवरील कोणताही व्हिडिओ टाकला की खाली 'हा प्राणी खरा आहे का?' अशी विचारणा होते, आणि लगेच आमच्या गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडचे कोणीतरी 'पेंढा भरलाय, सगळे खोटेच' असा निकाल देऊन मोकळे होतात. कातडे कमावतात, काचेचे डोळे बसवतात, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. लक्षात येत नाही ते इतकेच, की कातडे खरे असले तरी आकार कारागिराने दिलेला असतो.

लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील वॉलरस, म्हणजे लांब सुळ्यांचा समुद्री प्राणी, पाहा. कॅनडातील हडसन उपसागराकडून आलेला हा नमुना 1886 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडला होता. जिवंत वॉलरसच्या कातडीला जाड घड्या असतात याची भरणाऱ्यांना कल्पना नसल्यामुळे त्यांनी शेवटची घडी जाईपर्यंत तो ठासून भरला, आणि आजही तो टम्म फुगलेलाच बसला आहे. त्याला खोटा कसे म्हणणार? कातडे त्याचेच आहे.

उलट प्रकारही घडला आहे. 1799 मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांच्यापुढे ऑस्ट्रेलियातून प्लॅटिपसचे वाळलेले कातडे आले, तेव्हा केसाळ अंगाला बदकाची चोच कोणीतरी चिकटवली असावी, अशी शंका त्यांनी लिहून ठेवली. तेथे मात्र चोचही खरीच होती.

कातडे खरे आणि तेवढेच हाती, असेही होते. डिसेंबर 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाला असे मानलेला सीलाकांथ मासा मिळाला. पण दीड मीटरचा मासा टिकवण्याची सोय नसल्यामुळे तो भरून घ्यावा लागला आणि मालीमच्या मासळी जेटीवर इसवणाची (सुरमईची) आतडी फेकतात तशी त्याची आतडी गेली. आतली रचना पाहण्यासाठी संशोधकांना 1952 मधील दुसऱ्या माशाची वाट पाहावी लागली.

सत्तरीतील जुन्या घरातल्या गव्याच्या मुंडक्याचा फोटो पाठवून एका प्रेक्षकांनी त्याची किंमत विचारली आहे. शिंगे खरी दिसतात, नाकपुडी रंगवलेली आहे. मात्र गवा हा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी असून 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असे मुंडके विकता येत नाही. घरात मालकीचे प्रमाणपत्र आहे का, ते आधी शोधा आणि नसल्यास वनखात्यात चौकशी करा.