कान, नाक, घसा : एका शब्दाची फोड

ओपीडीच्या दारावरचा हा फलक. वर मराठीत सुटसुटीत लिहिलंय : कान, नाक, घसा विभाग. खाली इंग्रजी अक्षरांत एकच लांबलचक शब्द. ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी.

नर्सिंगचं पहिलं वर्ष. बाई टाळी वाजवतात, मुली म्हणतात : ओ, टो, राय, नो, लॅ, रिं, गॉ, लॉ, जी. नऊ टाळ्या. जीभ वळली. अर्थ अजून फळ्यावरच.

आता खडूकडे बघा. बाई याच शब्दावर तीन उभ्या रेघा मारतात. पहिल्या दोन 'टो' आणि 'नो'च्या मधोमध पडतात. तिसरीही 'गॉ'च्या मधोमध. कारण स्वरयंत्राचा मूळ ग्रीक शब्द 'लॅरिंग्', त्यातला ग बोलताना पुढच्या स्वराला चिकटला. ओट् म्हणजे कान, राइन् म्हणजे नाक, आणि लॉजी म्हणजे शास्त्र. क्रमसुद्धा आपलाच.

'महोत्सव' म्हणताना आपण तरी काय करतो? तोंडातून 'म-होत्-सव' येतं, विग्रह होतो महा अधिक उत्सव. शाळेत संधी सोडवलेल्या मुलीला हा शब्द परका का वाटावा? तो घोकायला लावू नका, फोडायला शिकवा.

मधला 'ओ' नुसता सांधा. पुढे व्यंजन आलं की टिकतो, स्वर आला की गळतो. म्हणून कानाचा दाह ओटायटिस, नाकाचा रायनायटिस. आणि फळ्यावर हे चित्र कशाला? गेंडा! राइन् म्हणजे नाक, केरास म्हणजे शिंग. नाकावर शिंग, म्हणून रायनोसरस. हा शब्द आता एकही मुलगी विसरणार नाही.

आयुर्वेदात याच अवयवांचं शास्त्र, डोळे आणि दातही धरून, शालाक्यतंत्र. ग्रीक नाव अवयवांवरून पडलं, आपलं शलाकेवरून, म्हणजे हातातल्या बारीक सळईवरून. डॉक्टरांच्या बोटांत आत्ता आहे तशीच.

ओटोस्कोपी म्हणजे कानात डोकावणं, ऑटोप्सी म्हणजे शवविच्छेदन. ऐकण्यात गफलत झाली तर कागद भलतीकडेच जातो.

दुपारची ओपीडी. बाकावर एक आजी, हातात घडी घातलेला केसपेपर. वर्गातलीच एक मुलगी तो उघडते, वरचा शब्द बोटाने वाचते. ओट्... आयटिस.

"आजी, कान दुखतोय ना? या, माझ्याबरोबर चला."