बार्बेलसाठी हुकलिंक : शेवटच्या दोन-तीन फुटांचा विचार

(ठाणे येथे हौशी गळकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, उल्हास, काळू, भातसा या नद्यांवर गळ टाकून हात बसलेले ठाण्यातले अनेक तरुण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इंग्लंडला जातात, आणि तिकडची नदी पाहिली की बार्बेल या माशाविषयी विचारू लागतात. त्यांचे बहुतेक प्रश्न रॉड कोणता आणि रील कोणते, इथेच थांबतात. माझे सांगणे असे आहे, की शिसे आणि गळ यांच्यामधला जो दोन-तीन फुटांचा दोर असतो, ज्याला हुकलिंक म्हणतात, त्याचा विचार सर्वांत आधी करावा, आणि तो दुकानातल्या पाकिटावरचा मजकूर वाचून नव्हे, तर नदीचा तळ पाहून करावा.

आधी मासा नीट समजून घेऊ. बार्बेल हा रोहू-कटल्याच्या कुळातला आणि म्हणून आपल्या खडसचाही, म्हणजे दख्खनी महसीरचाही, नातलग आहे. त्याचे तोंड डोक्याच्या खालच्या अंगाला असते, ओठ जाड असतात, आणि तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. तळाची खडी या मिशांनी चाचपत तो खातो; जबड्यात त्याला दात नसतात, पण घशात असतात. याचा अर्थ असा, की रात्री किंवा गढूळ पाण्यात त्याला आपला दोर दिसो वा न दिसो, तो मिशांना आणि ओठांना लागण्याची शक्यता नेहमीच असते. शिवाय त्याच्या पाठीवरच्या पराचा पुढचा काटा दातेरी असतो, आणि झुंजीत दोर त्यावर घासला गेला तर सोलवटतो.

हा मासा मुळात इंग्लंडच्या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांतला, कारण फार पूर्वी थेम्स ही युरोपातल्या ऱ्हाईन नदीच्या जलप्रणालीचा भाग होती. पुढे माणसांनी तो इतरत्र नेला. १९५६ साली केनेट नदीतले बार्बेल सेव्हर्नमध्ये सोडले गेले. त्यामुळे आज तो परस्परांहून अगदी वेगळ्या तळांवर सापडतो. केनेटमध्ये गारगोटीची धारदार खडी आणि पाणवनस्पती आहेत, वाय नदीत कातळाच्या लाद्या आहेत, सेव्हर्नमध्ये बुडालेली झाडे आणि मुळे आहेत. एकाच दोराने या सगळ्या ठिकाणी निभावेल, असे कोणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता दोरांकडे वळतो. ज्याला आपण तंगूस म्हणतो तो साधा नायलॉनचा एकपदरी दोर. नायलॉन अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ साली तयार झाले. त्याला ताण बसला की तो लांबतो, आणि बार्बेलने काठाजवळ अचानक उसळी मारली तर हेच लांबणे गळाची पकड सुटू देत नाही. खडीवर घासला गेला तरी तो एकदम तुटत नाही. आधी खरबरीत होतो आणि बोटाला तसे सांगतो. मात्र नायलॉन पाणी शोषते आणि भिजल्यावर त्याची ताकद काहीशी कमी होते, म्हणून जुन्या, उन्हात पडून राहिलेल्या तंगुसाचा हुकलिंक कधीही बांधू नये.

फ्लुओरोकार्बनचा दोर जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ साली बाजारात आणला. त्याची घनता साधारण १.७८, म्हणजे नायलॉनच्या १.१४ पेक्षा बरीच जास्त आहे. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, १.४२ असून पाण्याच्या १.३३ ला नायलॉनपेक्षा जवळचा आहे, आणि त्यावरूनच ‘पाण्यात अदृश्य’ अशी जाहिरात केली जाते. माझ्या मते बार्बेलसाठी याचे महत्त्व दुय्यम आहे. तळ चाचपत खाणाऱ्या माशापुढे अदृश्यतेपेक्षा दोर तळाला चिकटून पडणे जास्त मोलाचे, आणि तिथे फ्लुओरोकार्बनची जडता खरोखर उपयोगी पडते. त्याचा दोष म्हणजे ताठपणा. जाड फ्लुओरोकार्बनवर आमिष नैसर्गिकपणे हलत नाही, आणि गाठ घाईत ओढली तर ती नेमक्या ऐन वेळी दगा देते.

विणलेला दोर, म्हणजे ब्रेड, बहुधा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलिनच्या तंतूंचा असतो. तो अतिशय मऊ असतो, तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा खूपच बारीक असतो, आणि जवळजवळ लांबत नाही. मऊपणामुळे मिशांना तो सहसा जाणवत नाही, आणि बार्बेलसाठी त्याची ही मोठी जमेची बाजू आहे. पण या तंतूची घनता ०.९७ च्या आसपास, म्हणजे पाण्याहून कमी असल्याने साधा ब्रेड तळापासून उचलला जातो; हुकलिंकसाठी म्हणून विकले जाणारे बुडणारे ब्रेड घ्यावेत किंवा त्यावर टंगस्टनची लुगदी चिमटीभर लावावी. गारगोटीच्या धारेवर ताणलेला ब्रेड फार लवकर कापला जातो, हे मात्र विसरून चालणार नाही. म्हणून मला स्वतःला मिश्र हुकलिंक सर्वांत भरवशाचा वाटतो : बहुतांश लांबी फ्लुओरोकार्बनची किंवा जाड नायलॉनची, आणि गळाजवळचे केवळ तीन-चार इंच मऊ ब्रेडचे. वेष्टित ब्रेड वापरून गळाजवळचे वेष्टण दोन इंच सोलून काढले, तरी हाच हेतू साधतो.

लांबी पाण्याच्या रंगावर ठरते. उन्हाळ्यात पाणी स्वच्छ आणि उथळ असते, मासा सावध असतो, आणि शिसे व जाड दोर त्याच्या नजरेस पडतात. तेव्हा तीन ते पाच फूट हुकलिंक ठेवावा. पुराच्या गढूळ, वेगवान पाण्यात मात्र लांब हुकलिंक प्रवाहात फडफडत राहतो आणि आमिष एका जागी थांबत नाही. अशा वेळी फूटभर किंवा त्याहूनही कमी पुरे होतो.

जुळणीविषयी बोलायचे तर बार्बेलसाठी आमिष गळावर टोचण्यापेक्षा गळाच्या मागे बारीक दोऱ्यावर, म्हणजे हेअर रिगवर, अडकवणे उत्तम. ही युक्ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या इंग्लिश गळकऱ्यांनी कार्प माशासाठी शोधली. गळाचे टोक उघडे राहते, मासा आमिष ओढतो तेव्हा गळ ओठातच बसतो, आणि घशापर्यंत जात नाही. शिसे दोरावर सरकते ठेवायचे की अर्धबद्ध, म्हणजे एका जागी बसवलेले पण जोर पडल्यास सुटणारे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. सरकत्या शिशात मासा निघाला तरी त्याला वजन जाणवत नाही. अर्धबद्ध शिशात त्याला वजनाचा धक्का बसतो आणि गळ आपोआप रुततो. बार्बेल मुळातच आमिष घेऊन झपाट्याने पळतो, त्यामुळे दोन्ही पद्धती चालतात.

यात कोणतीही तडजोड होऊ नये असा एकच मुद्दा आहे. वरचा मुख्य दोर तुटला तर मासा शिसे ओढत फिरता कामा नये. हुकलिंक मुख्य दोरापेक्षा थोडा कमकुवत ठेवावा, म्हणजे तुटायचेच असेल तर ते तिथे तुटेल. शिशाची क्लिप घट्ट दाबून बसवू नये, आणि सरकत्या शिशाच्या वरच्या बाजूला त्याला अडवणारी मोठी गाठ किंवा मणी ठेवू नये. ही जुळणी घरी, टेबलावर, हाताने ओढून तपासता येते, आणि ती तशी तपासल्याशिवाय नदीवर नेणे हा माशावर अन्याय आहे असे मी मानतो. गाठ कोणतीही बांधा, पण आवळण्यापूर्वी ती ओली करा, आणि प्रत्येक माशानंतर हुकलिंकवरून बोट फिरवून तो खरबरीत लागला तर बदला.

एका श्रोत्याने विचारले, की हे सारे आपल्या खडसला लागू पडते का. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून ज्या माशाचे वर्णन केले तोच हा खडस. त्याचेही दात घशातच आहेत, म्हणून हेअर रिग त्याच्यासाठीही हितकारक. पण आपल्याकडे तळ बेसॉल्टचा आहे आणि खडसची पहिली धाव बार्बेलहूनही जोरकस असते. त्यामुळे बारीक ब्रेडचा मोह टाळून जाड नायलॉनच घ्यावे आणि मुख्य दोरही त्याच प्रमाणात वाढवावा. आणखी एक गोष्ट : इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बार्बेलची मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा हंगाम असतो. आपल्याकडे पावसाची चाहूल लागली की वीण सुरू होते आणि वलगणीचे मासे अंड्यांनी भरलेले वर चढतात. त्या दिवसांत, कायदा काहीही म्हणो, आपण हौशी लोकांनी गळ घरीच ठेवावा आणि पूर ओसरून पाणी निवळले की मगच नदीवर जावे.