अंदाजपंचे

(फोंड्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय ‘बाळंतपण आणि संशोधन : काल, आज, उद्या’. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी टेबलावरच्या या कपड्याकडे बघा. घाबरू नका, कोकमाचे आगळ आहे, पाणी घातलेले. व्यवस्थापकांनी खाली वर्तमानपत्रे अंथरायची अट घातली होती, तीही पाळली आहे. सांगा, किती सांडले असेल? २५० मिली? तिकडे? ४००. मागून कोणीतरी ‘एक तांब्या’ म्हणाले. माप चांगले आहे, पण कोणाच्या घरचा तांब्या? असो. आपापले आकडे लक्षात ठेवा, उत्तर शेवटी.

आपण गोंयकार मासळी वाट्याने घेणारी माणसे. बांगड्यांचा वाटा बघितला की किती जणांचे जेवण होईल ते कळते. नजर चुकलीच तर एखादा बांगडा कमी, नवऱ्याच्या ताटातला. पण बाळंतपणानंतर किती रक्त गेले, तेही आपण पिढ्यान्‌पिढ्या वाट्यानेच मोजत आलो. घरी वयजीण, म्हणजे सुईण, मोजायची, दवाखान्यात आम्ही डॉक्टर. आम्ही ते इंग्रजीत लिहायचो, एवढाच फरक.

माझी उमेदवारी घाटापलीकडच्या एका रुग्णालयात झाली. नाव सांगणार नाही. तिथे केसपेपरवर रक्तस्रावाच्या रकान्यात एकच आकडा असायचा, २०० मिली. पहिलटकरीण असो, जुळी असोत, २००. एका रात्री मीही चादरीकडे एक नजर टाकून २०० लिहिले. तिथे चादरी बदलणाऱ्या एक आक्का होत्या. त्यांनी चादर उचलली, हातात तोलली आणि म्हणाल्या, ‘‘बाई, हे लई झालंय बघा.’’ मला राग आला. नाडी ठीक होती, रक्तदाब ठीक होता, आणि डॉक्टर मी होते! अर्ध्या तासात नाडी १३०. रक्ताच्या बाटल्या वेळेवर मिळाल्या म्हणून बाळंतीण वाचली. सकाळी वरिष्ठांनी मला झाडले. कशासाठी? आकडा चुकला म्हणून नाही, २०० खोडून वर दुसरा लिहिला म्हणून! केसपेपरवर खाडाखोड चालत नाही. हे मी पंधरा वर्षे सगळ्या व्याख्यानांत सांगते आहे. राग अजून गेलेला नाही.

नाडीने मला फसवले, कारण गरोदरपणात अंगातले रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते. ती शिल्लक संपेपर्यंत नाडी आणि रक्तदाब काही झालेच नाही असे दाखवतात. आणि भरल्या दिवसांत गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते. वार पडली की रक्तवाहिन्यांभोवती जाळ्यासारखे विणलेले स्नायू आवळतात आणि नळ बंद होतो. स्नायू सैल राहिले की नळ उघडाच. सहाव्या रात्री सटवी येते म्हणून आपण जागतो. खरे जागायला हवे ते पहिले काही तास.

आता उपाय. आपली भाजी बेळगावची, आणि बाळंतिणीच्या अंगाखाली घालायची ही खुणांची प्लास्टिकची पिशवीही बेळगावचीच. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी खेड्यांतल्या १६२० बाळंतपणांचा अभ्यास केला, त्यासाठी ती घडवली. बाळंतपणे करणाऱ्या तिथल्या नर्सबाई. निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉल, म्हणजे गर्भाशय आवळणाऱ्या गोळ्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. ५०० मिलीची धोक्याची रेघ ओलांडणाऱ्या बायका १२ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांच्या आत आल्या. हे छापून आले २००६ मध्ये. त्याच वर्षी त्यांनी पिशवी आणि नजर यांचीही तुलना छापली : नजरेचा अंदाज ३३ टक्क्यांनी कमी. आक्कांच्या हाताची तुलना मात्र कोणी केली नाही.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे? अध्यक्ष महाराज, ‘काल’सुद्धा संपलेला नाही! बरे, ‘आज’ धावत सांगते.

२०१७ मध्ये २१ देशांतल्या २० हजार बायकांवरचा अभ्यास आला. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्ताची गुठळी टिकवणारे औषध, तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होतात. मग २०२३. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया. ८० रुग्णालये, दोन लाखांवर बाळंतपणे. पिशवी लावायची आणि रेघ ओलांडली की सगळे एकदम करायचे : गर्भाशय चोळणे, ते आवळणारे ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी. एक करून वाट बघायची नाही. नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांत निम्मेच रक्तस्राव लक्षात आले, हे सगळे करणाऱ्यांत ९३ टक्के. लिटरभर रक्त जाणे, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू, हे सगळे मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ वर. यात नवे औषध एकही नाही.

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. त्यासाठी ज्या फ्रीजमध्ये स्टाफचे डबे असतात त्यावर मला बोलायचे होते, सिझेरियनवरही. राहिले. ‘उद्या’ पुढच्या वर्षी, बोलावलेत तर.

थांबा, उठू नका, कपडा राहिला! टेबलाखाली ही बाटली बघा. फेणीची आहे. ती किती मिलीची असते, हे या सभागृहात मी सांगायला नको. काठोकाठ भरून आणली होती, सगळी ओतली. ७५०. तांब्यावाले सगळ्यांत जवळ आले म्हणायचे.

आणि व्यवस्थापकसाहेब, वर्तमानपत्रांतून थोडे खालीही उतरले आहे. ते मी मोजलेले नाही.