टमी टक करून घेण्याआधी

टमी टक म्हणजे पोटाची सैल कातडी कापून आणि आतले स्नायू आवळून पोट सपाट करण्याची शस्त्रक्रिया. ती ठरवण्याआधी एक साधी तपासणी घरीच करून बघा. पलंगावर उताणं झोपा आणि पोट कुठं जातं ते पाहा. ते दोन्ही बाजूंना पसरून सपाट झालं, चिमटीत सैल कातडी आली, तर टमी टकनं फरक पडेल. पण झोपल्यावरही पोट मडक्यासारखं टणक उभं राहत असेल आणि चिमटीत फारसं काही येत नसेल, तर ती चरबी आत, आतड्यांभोवती आहे. तिथं आमची सुरी पोचत नाही आणि लायपोसक्शनची, म्हणजे चरबी ओढून काढायची, नळीही नाही. ती चरबी खाणंपिणं आवरून आणि चालूनच उतरते. मध्यम वयाच्या पुरुषांचं पोट बहुधा याच जातीचं असतं, म्हणून त्यांना बऱ्याचदा नकार द्यावा लागतो.

आता झोपल्या झोपल्याच मान उचला. बेंबीच्या वर मधोमध उभा उंचवटा आला, बोटं टेकवल्यावर खाच लागली, तर पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेले आहेत. हे अंतर दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर त्याला डायस्टॅसिस म्हणतात. बाळंतपणानंतर हे नेहमी दिसतं. हा हर्निया नव्हे. मधला पडदा फाटलेला नसतो, ताणून पातळ झालेला असतो. व्यायामानं स्नायू बळकट होतात, पण फार रुंदावलेला पडदा पूर्ववत होईलच असं नाही.

शस्त्रक्रियेच्या खुणा रुग्णाला उभं करून काढतात, कारण आडवं झालं की कातडीची लोंबती घडी नाहीशी होते. परकराची नाडी किंवा पँटची कड कुठं बसते हे तेव्हाच सांगा. वण तिच्याखाली लपायला हवा. सिझेरियनचा जुना वण बहुतेक वेळा याच छेदात निघून जातो. छेद एका खुब्यापासून दुसऱ्यापर्यंत असतो. तिथून कातडी आणि चरबी बरगड्यांपर्यंत सोडवून वर उचलतात. बेंबी गोल कापून तिच्या देठावर जागीच ठेवतात. मग छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापासून जांघेच्या हाडापर्यंत ते दोन स्नायू मजबूत टाक्यांनी जवळ आणतात, टेबल कमरेत वाकवतात, कातडी खाली ओढतात, जादा भाग कापतात आणि बेंबीसाठी नवं भोक पाडतात. पूर्ण भूल आणि दोन ते चार तास. बेंबीखालचे बाळंतपणात कातडी ताणून पडलेले व्रण (स्ट्रेच मार्क्स) कापलेल्या कातडीबरोबर जातात. वरचे फक्त खाली सरकतात.

कातडी सोडवताना स्नायूंमधून तिच्यात येणाऱ्या बऱ्याचशा रक्तवाहिन्या तोडाव्या लागतात. उरतात त्या मुख्यतः बाजूंनी येणाऱ्या. त्यामुळे छेदाच्या मधोमधचा भाग, जिथं ताणही सर्वांत जास्त असतो, तिथं रक्त सर्वांत कमी पोचतं. निकोटिननं या वाहिन्या आकसल्या की तो पट्टा काळा पडतो, जखम उकलते आणि महिनाभर ड्रेसिंग चालतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका खरंखुरं ‘नाही’ म्हणतात, आणि रोज सकाळी मिश्री लावतात. मिश्रीही तंबाखूच. निकोटिनचा गम आणि पॅचही यातच धरा. पित्ताशयाच्या जुन्या, मोठ्या तिरप्या छेदाचा वण असेल तर तोही दाखवा. त्यानं रक्ताचा एक रस्ता आधीच तोडलेला असतो.

सर्वांत जास्त आढळणारी तक्रार म्हणजे सेरोमा. कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये पिवळसर पाणी साठतं, दाबलं तर लाट हलल्यासारखी वाटते. ते बाहेर काढायला दोन ड्रेन, म्हणजे बाटली जोडलेल्या नळ्या, ठेवतात. नर्सकडून बाटली रिकामी करायला शिकून घ्या आणि रोजचं माप वहीत लिहा. चोवीस तासांत साधारण तीस मिलीच्या खाली आलं की नळी निघते. ड्रेन निघाल्यावर पाणी पुन्हा साठलं तर सुईनं काढतात, कधी दोन-तीनदा. फार हालचाल केली की कातडी स्नायूवर घासत राहते आणि पाणी वाढतं, म्हणून पोटाला आवळून बांधायचा पट्टा सुमारे सहा आठवडे.

पहिला आठवडा कमरेत वाकूनच चालायचं. ताठ उभं राहण्याची घाई केलीत तर टाक्यांवर ओढ येते. झोपताना पाठीखाली उशा, गुडघ्याखाली लोड. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरा. वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं आणि कुंथण्याचा ताण थेट स्नायूंच्या टाक्यांवर येतो. इसबगोल पहिल्या दिवसापासूनच, डॉक्टरांना विचारून, आणि भरपूर पाणी. सुरुवातीला उकिडवं बसू नका, कमोड वापरा. पाण्याची घागर, कडेवरचं मूल, गॅसचा सिलिंडर, सगळं सहा आठवडे दुसऱ्यानं उचलायचं.

पण म्हणून पडून राहायचं नाही. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा या शस्त्रक्रियेतला जिवावरचा धोका आहे. कॉस्मेटिक शस्त्रक्रियांमध्ये तो इथं विशेष मोठा, कारण आवळलेल्या पोटामुळे आतला दाब वाढतो आणि पायांकडून परतणारं रक्त मंदावतं. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच संध्याकाळी आधारानं चार पावलं टाकायची. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. एकच पोटरी सुजली, दुखली, किंवा अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर उद्याची अपॉइंटमेंट बघत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.

बेंबीखाली बधिरपणा कित्येक महिने राहतो, कुठं कुठं कायमचाही. तिथं गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही. वण आधी लाल आणि जाडसर होतो, फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पुढं गरोदर राहायचं असेल तर आत्ता थांबा. गरोदरपणाला धोका नाही, पण शिवलेला पडदा पुन्हा ताणतो. वजनही सहा महिने स्थिर असू द्या. खर्चाचं म्हणाल तर मेडिक्लेम सहसा कॉस्मेटिक शस्त्रक्रियेचे पैसे देत नाही, आणि जो करणार आहे त्याच्याकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी आहे का, हे विचारायला लाजू नका.

तीन महिन्यांपर्यंत सकाळचं पोट वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं दिसतं, कारण सूज दिवसभरात वाढते. खरा आकार सहा महिन्यांनी कळतो. तोवर नवे कपडे शिवायला टाकू नका.