किल्लीच्या आधीचे कागद

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं हे माझ्या बहिणीचं घर. जेवणाच्या टेबलावर सध्या ताटांना जागा नाही, सगळे कागद पसरलेत. भाची महिन्याभरात नोकरीसाठी जर्मनीत, म्युनिकला निघाली आहे, आणि तिथे भाड्यानं घर शोधायचंय.

तिच्या आजीला बडोद्यात पहिली खोली मिळाली ती ओळखीवर. कुणाची सून, एवढं सांगितलं की काम व्हायचं. म्युनिकमध्ये नातीला ओळखणारं कुणी नाही. तिथे भाडेकरूची पत सांगणारा 'शूफा'चा अहवाल मागतात, आणि नव्यानं आलेल्याचा तो नसतोच. म्हणून नोकरीचा करार, पगाराच्या तीन स्लिपा आणि पासपोर्टची प्रत तयार ठेवायची. तिच्या पुण्याच्या घरमालकांनी दोन ओळी लिहून दिल्यात: भाडं दर महिन्याला पाच तारखेच्या आत मिळालं. मला तोच कागद सगळ्यांत मोलाचा वाटतो.

"थंड भाडं म्हणजे काय गं?" आजी विचारते. काल्टमिटं, म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा यांचा खर्च मिळवला की वार्ममिटं. वीज बहुतेक वेळा त्याहून वेगळी. डिपॉझिट कायद्यानं तीन थंड भाड्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि तेही तीन मासिक हप्त्यांत देता येतं. दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघर मोजत नाहीत. कित्येकदा ते रिकामंच मिळतं. ओटा नाही, सिंकही नाही. हे ऐकून बहीण कुकर गुंडाळता गुंडाळता थांबली.

गेल्या आठवड्यात एक ईमेल आला. सुंदर फ्लॅट, भाडं कमी, मालक परदेशात. डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल. तिचे बाबा पैसे पाठवायला निघालेच होते. कळकळीनं सांगतो, घर बघितल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका. हा सापळा आहे.

म्हणून पहिला महिनाभर सामानासकट मिळणारी तात्पुरती खोली. पण घर देणाऱ्याकडून राहत्या जागेचा दाखला मिळेल ना, हे आधीच विचारायचं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला तो दाखला लागतो. टॅक्सचा क्रमांकही त्या नोंदणीनंतरच पोस्टानं येतो.

आज रात्री भाची अर्जासोबतचं पत्र वाचून दाखवते आहे. वय, नोकरी, सिगारेट ओढत नाही, कुत्रा-मांजर नाही.

"आणि हेही लिही," आजी म्हणते, "आमच्या घरात कुणी कधी भाडं थकवलं नाही."

भाची ते वाक्य जर्मनमध्ये जुळवते आहे.